तक्रार न करणारा माणूस

बायको गेल्यापासून व्हर्जिल लँट्झ आठवड्यातून दोनदाच कोणाशी धड बोलत: मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळेच्या जिममध्ये मुलींचा बास्केटबॉलचा सामना असे तेव्हा. एकतीस वर्षं त्यांनी शाळेची पिवळी बस चालवली होती. मिलर्स फोर्ड गावातले निम्मे आईबाप त्यांच्याच बसमधून ये-जा करत मोठे झाले होते. सामन्याला गेलं की चार जण तरी विचारत, काय मिस्टर लँट्झ, गुडघा कसा आहे? गुडघा कसा का असेना, कोणीतरी विचारलं यावर त्यांचे पुढचे तीन दिवस निघत.

त्या वर्षी नोव्हेंबरात पहिल्याच सामन्याला ते दारात पोचले, तर टेबलावरचा पैशांचा पत्र्याचा डबा गायब. जागेवर फलक होता : तिकीट फक्त फोनवर. टेबलामागे शाळेच्या कचेरीतली ट्रिना बसली होती. व्हर्जिलनी सवयीने सात डॉलर पुढे केले.

ट्रिना ओशाळली. शाळेने रोख घेणं बंद केलंय, तिकीट कार्डाने फोनवरच काढायचं, असं तिने सांगितलं. व्हर्जिलनी खिशातून आपला घडीचा फोन काढला. त्यावर फोन करता येई आणि घेता येई, बाकी काही नाही. कार्ड त्यांच्याकडे कधीच नव्हतं. पेन्शनचा चेक ते बँकेच्या खिडकीत वटवत आणि नोटा घेऊन घरी येत.

"मग मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"माझ्या हातात नाही हो, मिस्टर लँट्झ. नियम आहे."

मागे रांग खोळंबली होती. एका तरुण बापाने आपल्या फोनवरून त्यांचं तिकीट काढून दिलं आणि सात डॉलर काही केल्या घेतले नाहीत. पुढच्या शुक्रवारी आणखी कोणी काढून दिलं. तिसऱ्या वेळी व्हर्जिल गाडी लावून उतरायला गेले आणि थबकले. कोणाला आपली दया येते याची वाट बघत दारात उभं राहायचं? जन्मात त्यांनी कोणाचं फुकट घेतलं नव्हतं. ते गाडीतच बसून राहिले. जिमच्या भिंतीतून मधूनच आरोळी ऐकू येई, पण गुण कोणाचा झाला ते कळत नसे.

त्यानंतर त्यांनी जाणंच सोडलं. डिसेंबर सरला, जानेवारी सरला. डब्यातलं सूप गरम करावं, टीव्ही लावावा, तो कोणाशी बोलतोय इकडे लक्ष न देता झोपावं. कोणाचा फोन आला नाही. गाव बहुधा धरून चाललं होतं, की म्हाताऱ्याचं गुडघ्याचं दुखणं बळावलं असेल.

फेब्रुवारीत ते पुस्तकं परत करायला वाचनालयात गेले. तिथल्या ग्रंथपाल ओफिलिया ग्रिम्स, व्हर्जिलच्याच वयाच्या आणि तोंडाने फटकळ. संघ कसा खेळतोय, असं त्यांनी विचारलं. जात नाही, म्हणाले व्हर्जिल. चूक माझीच, फोन शिकून घ्यायला हवा होता.

"फोन न येणं हा काय गुन्हा आहे?" ओफिलिया म्हणाल्या. "दर आठवड्याला माझ्यासमोर कोणी ना कोणी उभं असतं, तिकीट काढून द्या म्हणत. नातवंडं सांभाळणारी आजी असते. रोजंदारीवर छपरं शाकारणारा असतो, त्याला मजुरी रोख मिळते. आणि जे मागायलाही येत नाहीत, ते तुमच्यासारखंच स्वतःला अडाणी ठरवून घरी बसलेत. आणि शाळा चालते कोणाच्या करावर? तुमच्या-माझ्याच ना?"

राज्याच्या विधानसभेत एक विधेयक आलंय, असं त्या म्हणाल्या. शाळेने कार्यक्रमाला प्रवेशशुल्क लावलं तर दारात रोख पैसे घ्यायलाच हवेत, एवढंच त्यात आहे. गुरुवारी राजधानीत समितीपुढे सुनावणी आहे, कोणीही बोलू शकतं.

"मी काय बोलणार? मला कोणी हाकललं नाही. मीच परत आलो."

"तेवढंच सांगा," ओफिलिया म्हणाल्या.

ट्रिनाच्या पाठीमागे बोलणं व्हर्जिलना प्रशस्त वाटेना. ते आधी शाळेत गेले आणि आपण काय करणार ते तिला सांगितलं. तिने समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. मी तिसरीत असताना एकदा बसचा पास घरी विसरले. नियम म्हणजे नियम, असं म्हणून तुम्ही मला चढू दिलं नाहीत. गारठ्यात तीन किलोमीटर चालत आले होते मी. त्या टेबलाशी बसले की मला तो दिवस आठवतो."

व्हर्जिलना तो दिवस अजिबात आठवेना, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. "चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले. ट्रिनाने खणातून एक चिठ्ठी काढून त्यांच्या हाती दिली. हंगामात दारातून परत गेलेल्या माणसांची तिने रेघा ओढून नोंद ठेवली होती. त्रेचाळीस रेघा होत्या.

सुनावणीत शाळांच्या संघटनेचा एक सद्गृहस्थ आधी बोलला. रोकड चोरीला जाते, ती राखायला माणसं लागतात, फोनमुळे रांग झरझर सरकते. त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, की लोकांच्या तक्रारी तर जवळजवळ नाहीतच.

व्हर्जिलना दोन मिनिटं मिळाली. त्यांनी चिठ्ठी समोर ठेवली.

"तक्रारी नाहीत हे खरं आहे," ते म्हणाले. "मीही केली नाही. दारातून परतलेला माणूस तक्रार करत नाही, तो घरी जाऊन बसतो. आमच्या गावात असे त्रेचाळीस आहेत. मी स्वतः एकदा नियमावर बोट ठेवून एका लहान मुलीला बसमध्ये घेतलं नव्हतं. तिनेही तक्रार केली नाही. मला वाटलं, सगळं ठीक चाललंय."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण विधेयक पुढे सरकलं आणि उन्हाळ्याआधी त्याचा कायदा झाला.

नोव्हेंबरात ट्रिनाच्या टेबलावर फोनही होता आणि डबाही. व्हर्जिलनी सात डॉलर दिले आणि आत गेले. चौघांनी गुडघ्याची चौकशी केली, वर्षभर होता कुठे असंही विचारलं. घरीच होतो, असं ते म्हणाले. विचारणाऱ्यांचा त्यांना राग आला नाही. त्या अख्ख्या हिवाळ्यात त्यांनी तरी कोणाच्या दारावर थाप मारली होती?

सामना सुरू होताना कामाच्या कपड्यातला एक माणूस प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर अगदी वरच्या कोपऱ्यात एकटाच जाऊन बसला. व्हर्जिलनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. एरवी कोणी आपल्याशी बोलेल याची ते वाट पाहत. आज ते उठले आणि कठड्याला धरत दुखऱ्या गुडघ्याने एकेक पायरी चढू लागले.

दार सगळ्यांसाठी उघडं ठेवायला कायदा लागतो, आणि तो असायलाच हवा. पण आत कोण आलं नाही, हे पाहायला कोणताच कायदा पुरत नाही. ते काम तुमचं-माझं आहे.

"इथे कोणी बसलंय का?" व्हर्जिलनी त्या माणसाला विचारलं.