चार इंच

शाळेच्या गणवेशांची घाई चालू होती. शिंप्याचा थोरला भाऊ तिसऱ्यांदा सैल झालेली पँट घेऊन दुकानात आला, तेव्हा शिंप्याने आधी मशीनवरून मानही वर केली नाही.

थोरला कारखान्यात मुकादम. यंत्रांच्या खडखडाटातूनही त्याची हाक पलीकडच्या दारापर्यंत पोचायची, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. पहिल्यांदा पँट सैल झाली तेव्हा शिंपी हसला होता. "काय दादा, वहिनीने ताट आवरलं की काय?" दुसऱ्यांदा दादा सहज म्हणाला, "घास अडकतो रे घशात. पाण्याबरोबर ढकलावा लागतो." शिंपी दोरा तोडता तोडता म्हणाला, "चावून खात जा."

या खेपेला मात्र टेप फिरवताना हाताला हाडं लागली. अडतीसची कंबर चौतीसवर आली होती. आवाजही बसलेला. काय होतंय, हा प्रश्न शिंप्याच्या ओठांवर आला. पण विचारलं की दवाखाना आला, दुकान बंद ठेवणं आलं, आणि शाळा उघडायला राहिले चारच दिवस.

"परवा ने," एवढंच तो बोलला.

दीड महिन्याने दादाला पाणीही गिळवेना, तेव्हा वहिनीने त्याला इस्पितळात नेलं. शिंपी सोबत गेला. घशात कॅन्सरची गाठ निघाली.

"सहा महिन्यांत वजन किती उतरलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

वहिनी गोंधळली. "काटा कुठे आहे आमच्याकडे?"

"कंबर चार इंच उतरली," शिंपी बोलून गेला. वहिनीने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"गाठ केवढी ते स्कॅनमध्ये दिसेलच," बाई म्हणाल्या. "पण या आजारात माणूस इतका खंगला, रक्तातली प्रथिनं इतकी कमी झाली, की बहुधा आजार बराच पुढे गेलेला असतो. शिवाय अशा अंगाला ऑपरेशन झेपत नाही. आधी नळीने पोट भरू."

स्कॅनमध्ये तेच निघालं. गाठ स्वरयंत्रात पसरली होती.

दुपारी दादाजवळ एकटा असताना शिंप्याला राहवलं नाही. "दादा, तिसऱ्या खेपेला मला कळलं होतं. मी गप्प बसलो."

"म्हणून तर तुझ्याकडे येत होतो," दादा कुजबुजला. "दुसऱ्या शिंप्याने विचारलं असतं." आणि हसला. ते हसू शिंप्याला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

तीन आठवडे शिंपी रोज दुपारी दुकान बंद करून यायचा आणि पातळ आहार नळीत सावकाश ओतायचा. दादाचं वजन दोन किलोंनी वाढलं, ऑपरेशन झालं. जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं.

वहिनीने त्या चार इंचांचा विषय कधीच काढला नाही. शेवटी शिंपीच म्हणाला, "वहिनी, एकदा शिव्या तरी घाला मला."

ती नळी धूत होती. हात न थांबवता म्हणाली, "अर्धं टाकलेलं ताट रोज मीच उचलत होते, भाऊजी. मला कोण घालणार?"