खालच्या उताराचे चौदा नमुने

बाजारामागच्या गल्लीत त्यांना सगळे कवळीवाल्या बाई म्हणत. शहरातले तीन दंतवैद्य त्यांच्याकडे पेशंटच्या जबड्याचं माप पाठवत आणि बाई एका खोलीच्या दुकानात बसून मेण, प्लास्टर आणि गुलाबी ॲक्रिलिक यांतून लोकांचे दात घडवत. केसाएवढा उंचवटा राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही, म्हणून डोळ्याला भिंग लावूनच काम चाले. प्रत्येक जबड्याचा साचा चिठ्ठी लावून फळीवर वर्षानुवर्षं जपलेला असे. कोण कधी तक्रार घेऊन येईल सांगता येत नाही, असं त्या म्हणत.

अशा बाई नदीच्या नादाला लागल्या त्या एका पत्रकामुळे. नदी आणि मासेमारीचं काम पाहणाऱ्या सरकारी खात्याला ‘नदीमित्र’ हवे होते. सामान्य माणसांनी महिन्यातून एका रविवारी पाण्यात उतरायचं, दगड पायाने ढवळायचे, त्यातून सुटलेले किडे जाळीत धरायचे आणि पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून मोजायचे. कुठले किडे किती आहेत यावरून पाण्याची तब्येत कळते. दोन दिवसांचं शिक्षण झालं, बारा जण तयार झाले. बाईंच्या वाट्याला नदीच्या दोन जागा आल्या: वरचा पूल आणि, जिथून नदी पायी ओलांडता येते तो, खालचा उतार. दोन्हींच्या मधे, वळणावर, पुठ्ठ्याचा कारखाना.

बाईंचा थोरला भाऊ त्याच पाण्यात जाळं टाकून मासे धरायचा. तो पहिल्या रविवारी होडीतून बघत बसला आणि खो खो हसला.

“चिमे, लोकांचे दात मोजून पोट भरलं नाही, म्हणून आता किड्यांचे पाय मोजतेस?”

“पाय नाही, शेपट्या. ही बघ, तीन शेपट्यांची अळी. हिला स्वच्छ पाणी लागतं. आणि ही बघ, वाळूचे कण चिकटवून स्वतःचं घर बांधते.”

“घर बांधते? मग हिला कुणी परवानगी दिली?”

पण दादाचं हसू फार दिवस टिकलं नाही. खात्याला मासेमारांकडूनही माहिती हवी होती: मासा कुठला, कुठे सापडला, लांबी किती. दादा म्हणाला, सरकारला आपलं पाणी कशाला दाखवायचं? बाईंनी महिनाभर त्याच्या मागे भुणभुण लावली. “अरे, उद्या नदीला काही झालं तर तुझ्याकडे सांगायला काय असेल? मासे कमी झाले, एवढंच ना? ते कोण ऐकणार? आकडा असला की ऐकावं लागतं.” शेवटी दादाने फळीवर खुणा करून घेतल्या आणि प्रत्येक मासा त्यावर ठेवून मोजू लागला. अक्षर वहिनीचं. वहिनी नाक मुरडून लिहायची, पण एक दिवस चुकला नाही.

अशी सहा वर्षं गेली. पहिली चार वर्षं ठीक होती. बाईंच्या आकड्यांसमोर खात्याच्या मोबाइल ॲपवर हिरवी खूण उमटे, आणि वर्षाअखेरीस ‘उत्कृष्ट निरीक्षक’ म्हणून प्रमाणपत्र येई. पाचव्या वर्षी कारखान्याने नवं यंत्र बसवलं आणि पाळ्या वाढवल्या. खालच्या उताराच्या दगडांवर राखाडी लव धरू लागली. बोटांत घेतली की कागदाच्या लगद्यासारखी विरघळायची. तीन शेपट्यांच्या अळ्या कमी झाल्या, मग घर बांधणाऱ्या गेल्या, आणि ट्रेमध्ये नुसते लाल किडे वळवळू लागले. घाण पाण्यात तेच तगतात. वरच्या पुलाशी मात्र सगळं पूर्वीसारखं. बाईंनी दर महिन्याला दोन्हीकडचे आकडे भरले, आणि ज्या किड्यांवरून आकडे काढले ते सगळे, साच्यांसारखेच, स्पिरिटच्या बाटलीत चिठ्ठी लावून ठेवले.

मग खात्याचा अहवाल आला. वहिनीच तो घेऊन दुकानात आली. एरवी ती दारातून “वन्सं, आहात का?” असं विचारून आत यायची. त्या दिवशी सरळ आली आणि कागद बाईंच्या कामाच्या टेबलावर, ओल्या प्लास्टरवरच आपटला.

“वाचा. तुमच्याच पायी झालंय.”

अहवालात लिहिलं होतं की नदीचं पाणी ‘चांगल्या’ दर्जाचं आहे. मात्र खालच्या भागात मोठे मासे जवळजवळ संपले असून, स्थानिक मासेमाराने स्वतः नोंदवलेल्या लांबीवरून हे सिद्ध होतं. कारण: बेसुमार मासेमारी. उपाय: खालच्या भागात तीन वर्षं जाळी बंद.

बाईंनी दोनदा वाचलं. तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, तसं झालं. खालच्या उताराचे त्यांचे आकडे अहवालात कुठेच नव्हते. आकडे भरून झाले की खूण बघायला त्या एरवी थांबत नसत; आता त्यांनी मोबाइल उघडून मागे मागे जाऊन पाहिलं. शेवटच्या चौदा महिन्यांच्या नोंदींसमोर हिरव्या खुणेऐवजी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘अग्राह्य – निरीक्षकाची चूक’. चौदाच्या चौदा. त्याच चौदा रविवारी, त्याच जाळीने, त्याच हातांनी वरच्या पुलाशी घेतलेले आकडे मात्र ग्राह्य. आणि दादाचं? दादा वरच्या पुलाशीही त्याच जाळ्याने मासे धरायचा. तिथले मासे अजून हातभर लांब होते. ते आकडे अहवालाने घेतलेच नव्हते.

“त्यांना मोजायला लावलं कुणी?” वहिनी म्हणाली. “मोज मोज म्हणून जीव खाल्लात. आता त्यांच्याच फळीने त्यांना झोडपतायत. घरात जेवत नाहीत दोन दिवस.”

बाईंनी कागदाला लागलेलं प्लास्टर पुसलं आणि त्याची घडी घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून त्या खात्याच्या कचेरीत गेल्या.

साहेब तरुण होते, बोलायला गोड. खुर्ची दिली, पाणी मागवलं. “बाई, तुमच्या कामाबद्दल आम्हाला फार आदर आहे. पण त्याचं असं आहे, अपेक्षेपेक्षा फार वेगळा आकडा आला की तो आपोआप बाजूला पडतो. शेवटी स्वयंसेवकाकडून चूक होऊ शकते.”

“वरच्या पुलाशी नाही झाली चूक?”

“तिथले आकडे अपेक्षेप्रमाणे होते.”

“म्हणजे चांगलं मोजलं की मी उत्कृष्ट, आणि वाईट मोजलं की अडाणी? सकाळी नऊला हुशार असते आणि अकराला, पाऊण मैल खाली गेले की, अक्कल जाते माझी?”

साहेब हसले. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. शास्त्राची एक पद्धत असते. तुम्ही काही शास्त्रज्ञ नाही.”

“नाही. मी कवळ्या करते. पण बसत नाही म्हणून एखादी कवळी परत आली तर मी ती तपासते. तोंडच चुकलंय असं माणसाला सांगत नाही. तुमच्यातलं कुणी एकदा तरी खालच्या उतारावर जाऊन पाहिलं का?”

साहेबांनी मनुष्यबळ कमी असल्याचं सांगितलं आणि लेखी द्या म्हणाले. बाईंनी तिथेच बसून चार पानं लिहून दिली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: ‘आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे.’

“भावनांची?” बाई रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणाल्या. “किड्यांची नोंद घ्या म्हटलं होतं मी!”

जाळीबंदीवर हरकती ऐकायला खात्याने एक दुपार ठेवली होती. बाईंनी बाकीच्या अकरा नदीमित्रांना एकेकाला गाठलं. त्यांत एक निवृत्त बसचालक होता, एक परिचारिका, एक शाळेतली गणिताची बाई. त्यांनीही आपापले मोबाइल उघडून पाहिले. बसचालकाच्या सात नोंदी अग्राह्य निघाल्या, परिचारिकेच्या पाच. सगळ्या वाईट पाण्याच्या. चांगल्या पाण्याची एकही नोंद कुणाची चुकली नव्हती. गणिताची बाई म्हणाली, “चुका दोन्ही बाजूंना होतात हो. या सगळ्या एकाच बाजूला कशा पडल्या?”

दादा यायला तयार नव्हता. बाई त्याच्या घरी गेल्या तेव्हा तो ओट्यावर जाळं पसरून बसला होता, पण हात चालत नव्हते.

“मोठे मासे मी खाल्ले म्हणतात,” तो म्हणाला. “एवढे खाल्ले असते तर दारातून मावलो असतो का?”

“दादा, तू फक्त बस तिथे. बोलते मी.”

“तू बोललीस म्हणून तर हे झालं, चिमे.”

त्या तशाच परत फिरल्या. पण सुनावणीच्या दिवशी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत, धुतलेला सदरा घालून, तो वहिनीसोबत बसलेला त्यांना दिसला.

मंचावर साहेब होते आणि त्यांच्या शेजारी खात्याच्या प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाई. चाळिशीच्या, चष्मा लावलेल्या, बैठकीभर एक शब्दही न बोललेल्या. बाईंचा नंबर आला. त्यांनी दोन पिशव्या टेबलावर ठेवल्या आणि एकेक बाटली बाहेर काढून ओळीने मांडली. चौदा खालच्या उताराच्या, चौदा वरच्या पुलाच्या. प्रत्येकीवर तारीख आणि वेळ.

“माझी चूक झाली असं तुमचं म्हणणं आहे,” त्या म्हणाल्या. “हे किडे मी मोजले. आता तुम्ही मोजा. आत्ता, सगळ्यांसमोर.”

साहेबांनी एक बाटली उचलून उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा खुलला. “बाई, तुमच्या नोंदीत दीडशे लाल किडे आहेत. यात मला एकही लाल दिसत नाही.”

सभागृहात कुजबुज झाली. बाटलीतले किडे खरंच फिक्या दोऱ्यासारखे दिसत होते.

“स्पिरिटमध्ये रंग उतरतो, सर,” तपासनीस बाई म्हणाल्या. “हे प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात शिकवतात.”

कुणीतरी मागून हसलं. साहेबांनी बाटली खाली ठेवली. तपासनीस बाईंनी पर्समधून स्वतःचं भिंग काढलं, पाण्याच्या ग्लासाखालच्या बशीत एक बाटली ओतली आणि चिमट्याने किडे बाजूला करत मोजू लागल्या. अर्धा तास कुणी जागचं हललं नाही. मग दुसरी बाटली, मग तिसरी. प्रत्येक आकडा त्या मोठ्याने सांगत आणि गणिताची बाई नोंदवहीतला आकडा वाचून दाखवी. एकशे बावन्न, एकशे पन्नास. अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. दोनशे तीन, दोनशे सहा.

“मोजणी बरोबर आहे,” तपासनीस बाई चष्मा काढून म्हणाल्या. “माझ्या मदतनिसांची इतकी जुळत नाही. हे नमुने मला आधी का दाखवले गेले नाहीत?”

प्रश्न साहेबांना होता. साहेब म्हणाले, की प्रक्रियेत तशी तरतूद नाही.

तेव्हा शेवटच्या रांगेतून दादा उठला. “मला विचारायचंय,” तो म्हणाला. “वरती आणि खालती जाळं एकच आहे माझं. वरती मासे मोठे आहेत. बेसुमार मी फक्त खालीच धरतो का? वरती गेलो की साधू होतो?”

साहेबांनी पुढचा नंबर पुकारला.

महिन्याभराने निर्णय कळला. जाळीबंदी स्थगित. रद्द नव्हे, स्थगित. कारखान्याच्या सांडपाण्याची तपासणी होणार, तारीख नंतर कळवू. बाईंच्या चौदा नोंदी ‘पुनर्विचाराअंती ग्राह्य’. चूक कुणाची होती याबद्दल एक अक्षर नाही. आणि खात्याच्या मासिकात बाईंचा बाटल्यांसह फोटो, खाली ओळ: ‘लोकसहभागाचं यश’.

लोक अभिनंदन करायला दुकानात आले. बाईंनी तो अंक त्यांच्यासमोरच उलटा ठेवला. “यश कसलं? चौदा महिने मला खोटं ठरवलं, भावाला चोर ठरवलं, आणि आता माझाच फोटो माझ्या तोंडावर मारतायत.”

दादाने बाईंकडून एक अर्ज लिहून घेतला: माझ्या सहा वर्षांच्या माशांच्या नोंदी मला परत करा, यापुढे वापरू नका. उत्तर आलं, की एकदा दिलेली माहिती खात्याची होते. दादाने ते वाचून घडी घातली. “मासे नदीचे, मोजमाप माझं, आणि मालक हे,” एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याने मासा मोजला नाही. बाईंनीही पुन्हा विषय काढला नाही. एका रविवारी पाण्यात उभ्या असताना त्यांनी त्याची माफी मागायचा प्रयत्न केला, तेव्हा तो होडी न थांबवता म्हणाला, “तू कशाला मागतेस? ज्यांनी मागायची ते बसलेत पंख्याखाली.”

बाराही नदीमित्रांनी त्या महिन्यापासून ॲपवर आकडे भरणं बंद केलं. मोजणं मात्र चालूच ठेवलं. आता सगळ्यांचे आकडे मोठ्या कागदावर लिहून बाईंच्या दुकानाच्या काचेवर आतून चिकटवले जातात. बाराही जणांचे, चांगले-वाईट सगळे. बाजारात येणारे लोक थांबून वाचतात, आपल्या घरामागच्या पाण्याची ओळ शोधतात. तपासनीस बाईही एकदा सुट्टीच्या दिवशी येऊन, गमबूट घालून, खालच्या उतारावर उतरल्या होत्या. त्यांच्या आकड्याखाली त्यांनी स्वतः सही केली.

खात्याला वर्षाचा तक्ता तर भरावाच लागतो. म्हणून दर महिन्याला कचेरीतला एक कारकून फाइल घेऊन दुकानाबाहेर उभा राहतो आणि काचेवरचे आकडे उतरवून घेतो. परवा त्याचं आटोपल्यावर बाई हात पुसत बाहेर आल्या.

“दाखवा बघू काय लिहिलंत.”

त्याने मुकाट्याने कागद पुढे केला. बाईंनी डोळ्यावरचं भिंग न काढता ओळ न् ओळ तपासली आणि एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं.

“खालचा उतार, घर बांधणाऱ्या अळ्या. इथे काही लिहिलं नाहीत.”

“काही नाहीच ना तिथे, बाई. शून्य आहे.”

“मग शून्य लिहा. थंडगार पाण्यात गुडघाभर उभं राहून मोजलेलं शून्य आहे ते.”

कारकुनाने पेन काढलं आणि लिहिलं.