गवत्या

त्याला सगळे बोका म्हणायचे. मिशा तशा, आणि मासा दिसला की डोळेही तसेच. तळ्याकाठच्या घरात माणसं तीन. बोका, नवरा गेल्यापासून भावाकडे राहिलेली त्याची थोरली बहीण आणि बोक्याची लेक. लेकीची आई लवकर गेली, तेव्हा पोरगी होडीतच वाढली म्हणा ना. बापामागं होडी आपणच चालवायची, हे तिचं पक्कं होतं. मैत्रिणी शहरात मासळीच्या कारखान्यात लागल्या तेव्हा ही म्हणाली, "मेलेले मासे धुवायला मी नाही जायची."

बोक्याचं वैर होतं ते पाणगवताशी. जाळं ओढलं की निम्मं गवतच वर यायचं, जाळं फाटायचं, आणि बहीण ओट्यावर बसून ते सांधत करवादायची, "बोक्या, मासे धरतोस की गुरांना वैरण आणतोस?"

मग एक दिवस बोक्यानं कॅन भरून गवत्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणली. गवत्या म्हणजे नुसतं गवत खाणारा मासा. जबडा चालू झाला की थांबायचं नाव नाही.

लेक म्हणाली, "बाबा, नको सोडूस. आपल्या माशांची पिल्लं त्याच गवतात लपतात."

"लपतात म्हणूनच तर जाळ्यात येत नाहीत, वेडाबाई!" बोका हसला. बहीणही हसली. लेकीलाही हसू आलं, आणि कॅन पाण्यात उपडा झाला.

पुढच्या हंगामात गवत्यानं तळं साफ भादरलं. जाळं कसं, लोण्यातून सुरी फिरावी तसं फिरायला लागलं, आणि मासा तर विचारू नका! बोका मिशांना पीळ देत सांगत सुटला, तळ्यात मासा दुप्पट झाला म्हणून. अहो, झाला कुठला? घरांची छपरं उडाली की सगळी माणसं रस्त्यावर दिसतात, म्हणून काय गावाची वस्ती वाढते? पण जाळं भरलं म्हणजे तळं भरलं, हा जाळंवाल्याचा हिशेब. बोका सपासप ओढत राहिला.

त्यात अंडी घालणाऱ्या माद्या गेल्या. जी पिल्लं निघाली त्यांना लपायला काडी नाही, ती मोठ्या माशांनी गिळली. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेला गाळ सुटला. गवताच्या वाट्याचं खत शेवाळानं खाल्लं आणि पाणी हिरवंगार, दाट झालं, हात बुडवला तर बोटं दिसेनात. पाणकोंबड्या उठून गेल्या. एका पहाटे उरलेसुरले मासे तोंडं वर काढून हवा गिळताना दिसले. ऊन चढेपर्यंत ते पोट वर करून काठाला लागले होते. तगला तो फक्त चिवट गवत्या.

आता बोक्याचे डोळे उघडले. दुसऱ्या तळ्यातून त्यानं गवत आणलं, दगड बांधून तळाशी सोडलं. गवत्यानं खाल्लं. मग बापलेक गवत्याच्या मागं लागले. मांडीएवढे झालेले, जाळ्यावरून उड्या मारणारे ते मासे त्यांनी एकेक करून काढले. पुन्हा गवत लावलं. खायला आता कोणी नव्हतं, तरी ते रुजेना. लेकीनं बुडी मारली आणि मूठभर काळा लगदा घेऊन वर आली.

"सडलंय, बाबा. खाली अंधार आहे. ऊनच पोचत नाही."

"मग पाणी निवळू दे."

"गवत असतं तर निवळलं असतं ना."

बोका होडीत बसून राहिला. वल्ही हातात, पण मारायची कुठं, ते कळेना.

काही दिवसांनी लेकीनं पिशवी भरली. आत्यानं तिच्या केसांना तेल लावलं.

"कारखान्यात जागा आहे म्हणतात," लेक म्हणाली. "तू पण चल, बाबा. आत्यालाही घेऊ."

"मग तळ्याकडं कोण बघणार?"

"बघायला काय राहिलंय?" बोलली आणि तिचा चेहरा पडला. "तसं नाही रे..."

"तसंच आहे. जा. गाडी जाईल."

ती वळणाआड गेली तसा बोका काठावर येऊन बसला. वारा सुटला, पाण्यावरची हिरवी साय जराशी फाटली आणि पुन्हा मिटली. बहिणीनं आतून जेवायला हाक मारली. तिनं पुन्हा हाक मारली, तरी तो उठला नाही.