गळ्यातला कॅमेरा

माझ्या फोटोंची आमच्या घराण्यात ख्याती आहे. मी लग्नाचे फोटो काढले तर नवरीचं कोपर येतं आणि बाप्तिस्म्याचे काढले तर पाद्रीबुवांच्या नाकपुड्या. वाईने मावशी तर चारचौघांत म्हणते, "तेपाएरू फोटो काढणार असेल तर मी पाय धुऊन येते. तेवढेच दिसतात." मी हसते, पण मला राग येतो. दोष माझ्या जुन्या फोनचा होता, निदान अर्धा तरी.

म्हणून उपचारांसाठी ऑकलंडला असलेल्या आईनं फोन करून फोटोंचं काम माझ्यावर टाकलं, तेव्हा मला वाटलं की औषधांनी तिला भ्रम झालाय.

माझ्या भावाच्या थोरल्याचे, कोताईचे, केस कापायचे होते. जन्मल्यापासून त्याला कात्री लागली नव्हती. आता आमच्या बेटाच्या रिवाजाप्रमाणे हॉलमध्ये सगळा गोतावळा जमणार, केसांच्या बारीक वेण्या घालून त्याला नक्षीच्या रजईवर बसवणार आणि एकेक पाहुणा येऊन एकेक वेणी कापणार. ते केस आईनं वाढवले होते. रोज सकाळी खोबरेल लावून ती विंचरायची आणि तो केकाटायचा. पण गेल्या वर्षी तिची मूत्रपिंडं थकली, डायलिसिससाठी तिला तिकडे जावं लागलं, आणि आता विमानात बसायची सोय उरली नव्हती.

"सगळे स्वतःचे फोटो काढतील," आई म्हणाली. "कात्री धरून, दात दाखवून. तू त्याचा काढ. शेवटची वेणी माझ्या नावाची आहे, माझ्याऐवजी वाईने कापेल. त्या वेळचा त्याचा चेहरा मला बघायचाय. कोपर नको."

"मग व्हिडिओवरच बघ ना."

"तुमच्या हॉलमधला व्हिडिओ मला माहितेय. रेंज शोधायला माणूस हात वर करतो तो जेवणाच्या वेळी खाली येतो."

तेव्हा कॅमेरा घेणं आलं. ज्याच्या त्याच्याकडे सल्ला तयार होता. भाऊ म्हणाला, चंद्रावरचे खड्डे दिसतील असा घे. आम्हाला चंद्रावर कोणाचे केस कापायचे होते, देव जाणे. वाईने मावशी म्हणाली, लाल घे, हरवला तर सापडेल. शेवटी मी स्कूटर काढली आणि अवारुआच्या बाजारात, रांगीच्या दुकानात गेले. रांगीकडे मासेमारीची दोरी, हेल्मेटं आणि फोन मिळतात, आणि कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात तीन कॅमेरे असतात.

मी सगळ्यात मोठ्याकडे बोट दाखवलं. रांगीनं तो माझ्या हातात दिला. मनगट वाकलं.

"याची बटणं शिकेपर्यंत पोराचं लग्न होईल," तो म्हणाला.

खरंच, नाकापेक्षा मोती जड होता. मग मी खिशात मावणारा चिमुकला उचलला.

"तो बरा आहे, पण तुझ्या फोनपेक्षा फार काही करणार नाही. कशाला हवाय तुला?"

मी आईचं सांगितलं. रांगीनं कपाटातला मधला काढला. "गेल्या वर्षीचा आहे, म्हणून स्वस्त. हलका आहे. ही चकती हिरव्या खुणेवर ठेव आणि विसरून जा. उजेड, अंतर, सगळं तोच बघतो. चेहरासुद्धा तोच शोधतो."

"मी शोधला नाही तरी?"

"तुझ्यासाठीच बनवलाय."

त्यानं कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला, म्हणजे पडायची भीती नको. स्कूटरवर तो पोटावर आपटेल म्हणून पट्टाही आखूड करून दिला. आमच्या बेटावर गळा कशासाठी असतो, हे आम्ही दोघंही साफ विसरलो.

घरी मी सराव केला. कोंबड्या, शेजाऱ्याचा डुक्कर, चर्चची पायरी, सगळं लख्ख येत होतं. डुकराचे तर डोळे इतके भावुक आले की शेजाऱ्यानं त्याला त्या आठवड्यापुरतं जीवदान दिलं. मी हवेत होते.

सोहळ्याच्या दिवशी मी ऐटीत हॉलच्या दारात उभी राहिले. यजमानांकडची बाई म्हटल्यावर पहिल्या मावशीनं ताज्या फुलांचा जाडजूड हार माझ्या गळ्यात घातला आणि मला मिठी मारली. मग दुसरीनं. मग चुलत्यांनी, मावळणीनं, शेजारच्या मांगाइया बेटाहून आलेल्या पाहुण्यांनी. बघता बघता हार कानांपर्यंत आले आणि कॅमेरा त्यांच्या खाली, माझ्या छातीवर, गाडला गेला. प्रत्येक मिठीबरोबर आतून 'खट्' आवाज यायचा. कॅमेरा मावश्यांचे फोटो काढत होता.

आता तो डोळ्यापर्यंत यायचा तर आधी हार उतरायला हवेत. आणि घालणारीच्या देखत हार उतरवायचा, म्हणजे तिच्या तोंडावर दार लावण्यासारखं. त्यातून सगळ्यात वरचा हार वाईने मावशीचा, पहाटे उठून गुंफलेला.

मी फुलांत हात खुपसला आणि अंदाजानं कळ दाबत राहिले. समोर वेण्या कापल्या जात होत्या, नातेवाईक कात्रीसकट दात दाखवत होते, आणि कोताई घामाघूम होऊन बसला होता. मी कशीबशी मान वाकवून कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघितलं. एक पाकळी दिसत होती. अतिशय स्पष्ट. चेहरा शोधणाऱ्या कॅमेऱ्याला फूलच पसंत पडलं होतं.

तेवढ्यात वाईने मावशी कात्री घेऊन उठली. एकच वेणी उरली होती.

आई तिकडे यंत्राला जोडलेली पडली असेल आणि मी तिला पाकळी दाखवणार. मी दोन्ही हातांनी सगळे हार एकदम डोक्यावरून काढले. ठेवायला जागा दिसेना, म्हणून ते शेजारी बसलेल्या पाद्रीबुवांच्या मांडीवर टाकले. वाईने मावशी कात्री हवेत धरून माझ्या उघड्या गळ्याकडे बघत राहिली.

"काप ना, मावशी," मी म्हटलं.

तिनं ओठ आवळले आणि वेणी कापली. कोताईचा हात मानेकडे गेला, तिथं काहीच नव्हतं. त्यानं वर बघितलं. मी कळ दाबली.

दुसऱ्या दिवशी तो एकच फोटो मी आईला पाठवला आणि मग फोन लावला. चेहरा मधोमध होता, पूर्ण, डोळ्यांत पाणी दाटलेलं आणि हनुवटी ताठ.

"वाईनेचा सकाळीच फोन आला होता," आई म्हणाली. "सगळ्यांदेखत हार उतरवलेस म्हणे. तिचासुद्धा. आपल्या घरात असं कधी कोणी केलं नाही."

"हो. उतरवले."

"बरं केलंस," ती म्हणाली. "वाईनेला मी सांगते, तुला चांगलं झापलं म्हणून. दोन दिवस जरा तोंड पाडून हिंड."