रस्ता कोणाच्या बापाचा?

मित्रांनो, मी कैनाडच्या पाड्यावरची एक जुनी सायकल. माझा रंग निळा होता, आता गंजच जास्त दिसतो. आठवीतल्या नवशीला मी शाळेतून मिळाले. डहाणूच्या शाळेत आम्ही दोघी रोज जायचो. सुट्टीच्या दिवशी ती मला ओढ्यावर नेऊन घासायची, तेव्हा मला नवरी झाल्यासारखं वाटायचं.

२०१६च्या डिसेंबरात एका सकाळी मागून टेम्पो आला. आम्ही अगदी कडेला होतो, पांढऱ्या पट्टीच्याही बाहेर. तरी त्याने आम्हांला उडवलं. मी गटारात, नवशी खडीवर. टेम्पो थांबला नाही. पण त्याहून मोठा धक्का जमलेल्या माणसांनी दिला. नवशीचा पाय मोडला होता, ती कळवळत होती आणि एक गृहस्थ म्हणाले, "पोरींनी एवढ्या रहदारीत सायकल आणायचीच कशाला?" माझी घंटी तुटली नसती, तर मी ओरडले असते!

या भीतीने पाड्यावरच्या इतर मुलींचीही शाळा घरच्यांनी बंद केली. तेव्हा नवशीची मैत्रीण वर्षा म्हणाली, "एकेकटीला उडवतात ना? मग सगळ्या मिळून जाऊ. आणि कडेने नाही, रस्त्यावरून!"

सोमवारी सगळ्यांच्या सायकली निघाल्या. मजुरीला जाणारे बाप्येही सोबत आले. नवशीचा बाप सुकऱ्या मला चालवत होता. प्लास्टरमधला पाय सांभाळत ती मागे कॅरियरवर बसली होती.

मागून एक जीप सारखी हॉर्न वाजवू लागली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "बाजूला व्हा! रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?"

सुकऱ्याने सवयीने मला कडेला वळवलं. तोच नवशी ओरडली, "बाबा, वळू नको! हो, माझ्या बापाचाच आहे! त्यानेच डांबर टाकलंय इथे. विचारा त्याला!"

सगळ्या सायकली थबकल्या. मी तर हादरलेच. सुकऱ्याने खरंच या रस्त्यावर मजुरी केली होती, पण रस्ता आपलाही आहे, हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.  मग त्याने मला पुन्हा रस्त्यावर घेतलं. हॉर्न बंद झाला. जीप शाळेपर्यंत हळूहळू मागून आली.

तो टेम्पो काही सापडला नाही. नवशी अजून थोडी लंगडते, पण मुलींची शाळा पुन्हा बंद पडली नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही गाड्या चालवाल. पुढे सायकल दिसली, तर हॉर्न दाबण्याआधी तिच्यावरच्या माणसाकडे बघा. आणि कोणी पडलंच, तर आधी त्याला उचला. काय बोलायचं ते नंतर बोला.