चौदावा मसुदा

सरकार बसायला एकवीस दिवस लागले आणि तेवढ्या दिवसांत मी चौदा वेळा मंत्रिमंडळ टाइप केलं. मंत्रिमंडळ पंतप्रधान बनवतात असं लोकांना वाटतं. बनवत असतील बापडे. टाइप मी करते.

मी सचिवालयात खातेवाटप शाखेची अधिकारी. कोणत्या मंत्र्याच्या हाती कोणते विषय, याची यादी आमच्याकडून निघते. विषय चारशे सोळा. त्यातला एखादा मंत्र्यावाचून राहिला, तर त्या विषयाच्या कागदावर सही करायला कोणी उरत नाही. एका पक्षाचं सरकार असलं की दोन दिवसांत उरकतं. या वेळी पक्ष पाच, मंत्री अडतीस आणि खाती चोवीस. मग काय, फाडा खाती! पाण्याची दोन झाली, वाहतं एकाकडे आणि साठलेलं दुसऱ्याकडे. एका पक्षाला बंदरं हवी होती पण जहाजं नको होती. आरोग्याचे तर तीन तुकडे केले: रुग्णालये, सार्वजनिक आरोग्य आणि औषधे. तरी एक म्हातारे गृहस्थ उरलेच. त्यांच्या पक्षाचे ते एकटेच निवडून आलेले, म्हणून त्यांना बिनखात्याचे मंत्री केलं. त्यांच्या नावापुढे मी लिहिलं, ‘विषय: निरंक’.

रोज सकाळी पाच पक्षांचे पाच प्रतिनिधी माझ्या टेबलाभोवती बसायचे आणि एकमेकांच्या कागदात डोकावायचे.

“बाई, यांना आमच्यापेक्षा एक विषय जास्त कसा?”

“अहो, तो विषय दीपगृहांचा आहे. उभ्या देशात अकरा आहेत.”

“अकरा तर अकरा! आम्हालाही काहीतरी द्या.”

भाजीच्या दुकानात कोथिंबिरीची काडी वर मागावी तसं चालायचं. यादीच्या शेवटी पूर्वापार एक ओळ असायची: ‘वर कोठेही न आलेले विषय पंतप्रधानांकडे राहतील.’ त्यावर चार छोट्या पक्षांनी रान उठवलं. म्हणजे मागच्या दाराने सगळं मोठ्या पक्षाच्याच घशात! काढा ती ओळ. बाराव्या मसुद्यात ती निघाली.

एवढ्या गोंधळातही माझी यादी चोख. कारण माझी एक पद्धत आहे. नवा मसुदा तयार झाला की तो मागच्या मसुद्याशी ओळीला ओळ ताडायचा आणि प्रत्येक बदलापुढे ज्याची त्याची सही आहे का बघायचं. बस्स. एकोणतीस वर्षांत माझ्या एकाही यादीला शुद्धिपत्रक निघालेलं नाही. शाखेत नव्या येणाऱ्यांना मी हीच पद्धत घोटून घोटून शिकवते. निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि ते रेकॉर्ड घेऊनच मी घरी जाणार होते.

आता वन्संबद्दल सांगते, कारण सगळं त्यांच्यापाशीच अडलं.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. शाळेत पीटीच्या शिक्षिका होत्या. आमच्या घरात पाऊल टाकलं की आधी पडदे बघणार, मग मला. तीस वर्षं आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. दीड वर्षापूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्याला तीन वेळा डायलिसिस. आमच्या यांची किडनी जुळेना, माझी तर नाहीच नाही. शेवटी त्यांच्या शाळेतल्या ग्रंथपाल बाई पुढे आल्या. दोघींचं रक्त जुळलं, बाकीच्या तपासण्या जुळल्या, फक्त नातं नव्हतं. आणि नात्याबाहेरच्या माणसाने अवयव द्यायचा तर सरकारची परवानगी लागते. मंत्री तीन जणांची समिती नेमतात, ती समिती दोघींना समोर बसवून विचारते, आणि मग कागद मिळतो. जुनं सरकार गेलं तशी जुनी समितीही गेली. नव्या मंत्र्याने नवी नेमेपर्यंत थांबायचं होतं.

थांबल्या. सहा आठवडे वन्सं एका शब्दाने बोलल्या नाहीत. भावजय सचिवालयात आहे म्हणून तिला गळ घालायची, हे त्यांच्या स्वभावात नाही. एक दिवस यांनीच जेवताना विषय काढला.

“डॉक्टर म्हणतात, डायलिसिसची हातातली नस आता फार दिवस साथ देणार नाही. जरा बघतेस का, घोडं कुठे अडलंय?”

“सहा आठवडे तोंडाला कुलूप लावलं होतं का तुम्ही दोघांनी?” मी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत पाय ठेवल्या ठेवल्या मी रुग्णालय मंत्र्यांच्या स्वीय सचिवाकडे गेले. तो म्हणाला, “प्रत्यारोपण? ते सार्वजनिक आरोग्याकडे.” दोन मजले चढून सार्वजनिक आरोग्याकडे गेले. तिथली बाई म्हणाली, “छे हो, ते रुग्णालयांचं.” औषधवाल्याने तर मी दारात असतानाच हात वर केले.

“थांबा,” मी म्हटलं, “यादी माझी आहे. कोणाचं आहे ते मीच दाखवते तुम्हाला.”

टेबलाशी येऊन यादी उघडली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, परत वाचली. ‘अवयव प्रत्यारोपण: परवानग्या’ हा विषय कुठेच नव्हता. चारशे सोळा मोजायला बसले तर चारशे पंधराच भरले.

कपाटातून मसुद्यांचा गठ्ठा काढला. तेराव्यात तो होता, रुग्णालयांखाली नववा. रुग्णालयवाल्या पक्षाने तो खोडून समासात लिहिलं होतं, ‘सार्वजनिक आरोग्याकडे द्यावा’, खाली सही. सार्वजनिक आरोग्यवाल्यांनी आपल्या पानावर लिहिलं होतं, ‘हा विषय आम्हास नको’, खाली सही. दोन्ही सह्या अस्सल. कोणाला का हवा असेल? त्या विषयाबरोबर ना इमारत येते, ना पदं, ना गाडी. येतात ती नुसती माणसं, रडत. दोघांनी एकमेकांच्या गळ्यात मारला आणि तो मधल्यामध्ये पडला. शेवटची ओळ जागेवर असती तर निदान पंतप्रधानांच्या पदरात पडला असता.

मी तेव्हा काय म्हटलं ते स्पष्ट आठवतंय. मी म्हटलं, “मेल्यांनो, माणसांच्या जिवाशी खेळता?” माझी चूक आहे हे मनालासुद्धा शिवलं नाही. मी ताडून बघितलं होतं. सह्या होत्या.

तशीच उठून साहेबांकडे गेले. आमचे साहेब म्हणजे सचिव, अत्यंत सज्जन आणि तितकेच घाबरट. त्यांनी दोन्ही मसुदे बघितले आणि कपाळाला हात लावला.

“बाई, यादीवर पाच पक्षांच्या सह्या आहेत. एक विषय घालायचा म्हणजे यादी उघडायची. यादी उघडली की बंदरवाले उद्या जहाजं मागतील. सरकार चार मतांवर उभं आहे!”

“साहेब, माझी नणंद आहे त्यात.”

“अरेरे.” त्यांना खरंच वाईट वाटलं. “तीन महिन्यांनी समन्वय समिती बसेल. पहिल्याच विषयात घेऊ आपण, मी शब्द देतो.”

“तीन महिने तिच्याकडे नाहीत.”

“मग मी काय करू ते तुम्हीच सांगा,” ते म्हणाले. मी दोन्ही मसुदे उचलून बाहेर आले.

त्या संध्याकाळी वन्संकडे गेले. त्या पलंगावर बसून हाताने चेंडू दाबायचा व्यायाम करत होत्या, मोजून, शाळेत घ्यायच्या तसा. मी त्यांना खरं ते सांगून टाकलं: पाचही पक्षांनी मिळून तुमचा विषयच हरवलाय.

“हरवला म्हणजे?” त्यांनी विचारलं. “अडतीस मंत्री आहेत ना गं? एवढ्यांत मला कोणीच नाही?”

टोमणा असता तर मी सवयीने परतवला असता. पण त्या खरंच विचारत होत्या. मला तिथे बसवेना. घरी येईपर्यंत मी रस्ताभर त्या पाच जणांना शिव्या मोजत होते.

सकाळी उठले तेव्हा डोकं थंड होतं. नियम मला पाठ आहेत. विषयवाटपात बदल करायचा तर पाच सह्या. पण टंकलेखनातली चूक दुरुस्त करायची असेल तर शुद्धिपत्रक शाखा अधिकाऱ्याच्या एकट्या सहीने निघतं. अट एकच, चूक कोणाची ते त्यात नावानिशी लिहायचं. ते मग सेवापुस्तकात चिकटतं, कायमचं.

विषय द्यायचा कोणाला, हा पुढचा प्रश्न. तीन आरोग्यवाल्यांपैकी कोणालाही दिला असता तर ते भांडतच आले असते. तेवढ्यात निरंक डोळ्यांपुढे आला. मी टाइप केलं: ‘अनुक्रमांक अडतीस, “निरंक” ऐवजी “अवयव प्रत्यारोपण: परवानग्या” असे वाचावे. सदर चूक माझ्या निष्काळजीपणामुळे झाली आहे.’ खाली सही ठोकली. खोटं सांगत नाही, सही करताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता. दुसऱ्यांचं पाप आपल्या डोक्यावर घेते आहे, तेही नणंदेसाठी! कोणी बघायला हवं होतं.

समिती नेमण्याची फाइल घेऊन मी स्वतः बिनखात्याच्या मंत्र्यांकडे गेले. सहा आठवड्यांत त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्रापलीकडे काही आलं नव्हतं. त्यांनी फाइल दोन्ही हातांनी घेतली.

“हे माझं?”

“होय साहेब. यादीत टंकलेखनाची चूक झाली होती.”

“कोणाची?”

“माझी.”

“मग तुम्हाला चहा पाजायला हवा,” ते म्हणाले. त्यांनी पानन् पान वाचलं, चार प्रश्न विचारले आणि त्याच बैठकीत समिती नेमली. एकाही पक्षाने हूं की चूं केलं नाही. शुद्धिपत्रकं वाचतो कोण? साहेबांनी मला बोलावून लेखी समज दिली आणि देताना माझ्याकडे बघायचं टाळलं. एकोणतीस वर्षांची कोरी पाटी गेली. जाऊ दे, म्हटलं.

समिती आठवड्यात कामाला लागली. वन्सं आणि ग्रंथपाल बाई जाऊन आल्या, आणि दहाव्या दिवशी दुपारी परवानगी झाल्याचा निरोप आला. कागद घ्यायला मी दुसऱ्या मजल्यावर जुन्या आरोग्य शाखेत गेले. तिथल्या लिपिकाने पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि एक तक्ता पुढे केला.

“बाई, आलाच आहात तर यावर सही करा. विषय नव्या मंत्र्यांकडे गेला, त्यामुळे थकलेल्या फाइली तिकडे पाठवायच्यात. एकोणसाठ आहेत. तुमची हातासरशी निघाली म्हणून बरं.”

एकोणसाठ! माझ्या डोक्यात एकच होती. कपाटाजवळ फितीने बांधलेले गठ्ठे रचून ठेवले होते. आणि खिडकीत, वेगळ्या, चार फाइली.

“त्या का राहिल्या?”

“त्या पाठवायच्या नाहीत. बंद झाल्या.”

मी वरची उचलली. आत शेवटच्या पानावर शिक्का होता, ‘अर्जदार मयत’. एक गवंडी होता, चव्वेचाळीस वर्षांचा. त्याचा दाता त्याच्या हाताखालचा मजूर. एक शिंपीण. एक निवृत्त पोस्टमन. आणि एक विद्यार्थिनी, वय एकोणीस, फोटोत दोन वेण्या. ताडून बघायची सवय हाडात मुरलेली. मी मृत्यूच्या चारही तारखा यादीच्या तारखेशी ताडल्या. चारही यादीनंतरच्या होत्या.

गठ्ठा कपाटातच होता हो. पहिला मसुदाही होता. चौदावा पहिल्याशी एकदा, फक्त एकदा ताडून सगळे विषय आहेत का बघितलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. मी मागच्याशी ताडला, सह्या बघितल्या आणि खूश होऊन घरी गेले. शुद्धिपत्रकात मी जे वाक्य खोटं म्हणून लिहिलं होतं, मोठेपणाने लिहिलं होतं, ते त्या अख्ख्या कागदावरचं एकमेव खरं वाक्य होतं.

“बाई, सही,” लिपिक म्हणाला. मी सही केली. त्याने फाइली परत खिडकीत ठेवल्या, कडा जुळवून.

जिन्यात फोन वाजला. वन्सं होत्या.

“मिळाला का गं कागद?”

मी तिथेच पायरीवर बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. माणसं बाजूने जात-येत होती.

“अगं, काय झालं? नाही का मिळाला?”

“मिळाला,” मी म्हटलं. “मिळाला, वन्सं. हातात आहे.”

मग बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मऊ होता.

“वेडी कुठली. माझ्यासाठी एवढं रडतात का? माझंच चुकलं गं. तीस वर्षांत मी तुला ओळखलंच नाही.”

मला त्यांना सांगायचं होतं. एकोणीस वर्षांच्या मुलीपासून सुरुवात करायची होती. पण पलीकडे त्यासुद्धा रडत होत्या, आणि मी पाकीट छातीशी धरून नुसतं “हो, हो” म्हणत राहिले.