चिनी किटलीची तोटी

जालिंदर मास्तरांनी काष्टीच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली आणि तेवढीच वर्षं एका चिनी किटलीची पूजा बांधली. नगरच्या एका जुन्या बंगल्याच्या लिलावात ती त्यांना मिळाली होती. ती काचेच्या कपाटात, आणि किल्ली मास्तरांच्या करगोट्याला!

कौतुक तरी किती! पिकल्या कवठासारखं गोल पोट. तोटीचं टोक, झाकणाचा काठ आणि कानाचा माथा एका पातळीत. पांढऱ्यावर निळी, आलुबुखाराची फांदी कानाखालून निघून पोटाला वळसा घालायची. तोटीपाशी एकच कळी, बाकी सगळं कोरं. "कारागिराची अक्कल त्यानं हात आवरला तिथं दिसते," असं मास्तर आल्यागेल्याला सांगत. बायको भागिरथी स्टीलच्या कपात चहा घेऊन उभी असायची. "एक डाव हिच्यात करू का चहा?" तिनं एकदा विचारलं होतं. मास्तर असे हसले, की तिनं पुन्हा विचारलं नाही.

यंदा पौषात भागिरथीबाईंच्या अंगावरून वारं गेलं. दवाखान्यानं आशा सोडून घरी पाठवलं. चमच्यानं पाणी पाजलं की वाकड्या ओठातून ओघळायचं.

"मामा, ती किटली द्या," सून रेश्मा म्हणाली. "तोटी बारीक हाय, आत्याच्या घशात नीट जाईल."

"तडकंल ती. मी श्रीगोंद्याहून पाजायचा कप आणतो."

ते दोन तासांनी परतले, तर कपाटाची काच वरवंट्यानं फोडलेली. रेश्माच्या मांडीवर भागिरथीबाईंचं डोकं, आणि त्या किटलीतून घटाघटा पाणी पीत होत्या. गळ्यावर एक थेंब नव्हता. मास्तरांनी किटली हिसकावली, खिडकीशी नेली, तोटीवरून, कानावरून बोट फिरवलं.

"टवका उडाला न्हाई," ते म्हणाले आणि वळले. भागिरथीबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. तोंड वाकडं झालं होतं, डोळे मात्र पहिल्यासारखेच होते.

तेव्हापासून त्यांनी नवऱ्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. रेश्मानं पाजलं की गिळायच्या, मुलानं, नितीननं पाजलं की गिळायच्या. मास्तर आले की दातखीळ. "आजारात भ्रम होतो," शेजारीण म्हणाली. भ्रमबिम काही नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भांड्याचे गुण गाण्यात जन्म गेलेल्या माणसाला बायकोशी काय बोलावं तेच सुचेना.

पाचव्या दिवशी घरघर लागली. एकेकानं तोंडात पाणी घातलं. शेवटी रेश्मानं किटली मास्तरांच्या हाती दिली.

"पाजा मामा. नवऱ्याचं पानी लागतं."

मास्तर वाकले. "भागे, चुकलो गं मी. तोंड उघड."

तोटीतून बारीक, अखंड धार पडली. मिटल्या ओठांवरून हनुवटीवर, गळ्यावर, उशीवर. मास्तर ओततच राहिले. उशी चिंब झाली, किटली रिकामी झाली, तरी त्यांनी ती तशीच धरून ठेवली होती.

नितीननं त्यांचं मनगट धरलं. "अण्णा, बास. आई मघाशीच गेली."